संगमावरची छोटी फेरी

कराडला आलेला पाहुणा जेवून हात धुतो आणि विचारतो, "इथं बघण्यासारखं काय?" घरातल्या कुणाच्या तरी तोंडून ठरलेलं उत्तर येतं : "संगमावर जाऊन या." हल्ली त्याला पुस्ती जोडलेली असते, "होडी सुरू असेल तर एक फेरी मारा." माझं माहेर इथलं, त्यामुळे पाहुणे कृष्णा-कोयनेच्या संगमावर नेण्याचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं. पुण्याची भाची, नागपूरचे व्याही, अमेरिकेतून आलेलं चुलत घराणं अशा सगळ्यांना घेऊन मी होडीत बसले आहे. फेरी छोटी असते. चणे-फुटाण्यांची पुडी संपायच्या आत होडी परत काठाला लागते. एवढ्याशा वेळात पाहुण्याच्या पदरात काही पडावं, यासाठी काय करावं आणि काय टाळावं, हे हळूहळू उमगत गेलं. ते इथे मांडते.

१. काशीची अपेक्षा घेऊन येऊ नका.

काशीला होडीत बसलं की ऐंशीच्या वर घाट एकापुढे एक उलगडत जातात. पॅरिसला सीनवरच्या बोटीत कानाला यंत्र लावतात आणि प्रत्येक पुलाचा इतिहास आपल्या भाषेत ऐकू येतो. कराडला यातलं काही नाही. जुनं गाव काठाच्या उंचवट्यावर वसलेलं. ज्यांनी ते वसवलं त्यांना नदीचा पूर ठाऊक होता, म्हणून त्यांनी घरं पाण्याला चिकटून बांधली नाहीत. होडीतून दिसतात त्या घाटाच्या पायऱ्या, कृष्णाबाईचं देऊळ, काठावरची झाडी, कपडे धुणाऱ्या बायका आणि वर कुठेतरी डोकावणारी घरं. "गाव कुठाय?" असं अमेरिकेतल्या पोरांनी मला विचारलं होतं. गाव वर आहे. नदीवरून दिसतो तो गावाचा पायथा, आणि तोच पाहायला आपण आलेलो असतो, हे आधी सांगून ठेवलेलं बरं. मग विरस होत नाही.

२. होडी नंतर, पाय आधी.

पाहुणा थेट घाटावर उतरला, होडीत बसला आणि गाडीत बसून गेला, तर त्याने नुसतं पाणी पाहिलं. त्याआधी तासभर तरी गावातून चालावं. मी सुरुवात पंतांच्या कोटापासून करते. कोट म्हणावं असं आता थोडंच उरलं आहे, पण आतली नकट्या रावळ्याची विहीर पाहिली की माणूस गप्प होतो. दगडी पायऱ्यांची रांग खोल खोल उतरत जाते. विहिरीच्या नावाबद्दल जो तो वेगळी कथा सांगतो, मी त्यात पडत नाही. तिथून आदिलशाही काळातल्या मशिदीचे उंच मनोरे पाहायचे आणि मग गल्ल्यांतून घाटाकडे उतरायचं.

चालता चालता दोन गोष्टी सांगते. मध्य प्रदेशातल्या भारहुतच्या स्तूपाला दोन हजार वर्षांपूर्वी ज्यांनी दान दिलं, त्यांत 'करहकट' गावाचं नाव कोरलेलं आहे. ते हेच कराड. त्या काळी इथल्या लोकांकडे इतक्या लांबवर दान पाठवण्याइतका पैसा होता, म्हणजे व्यापार मोठा असणार. महाभारताच्या सभापर्वात सहदेवाच्या दक्षिण दिग्विजयातही करहाटक येतं. पुढे शिलाहारांची एक शाखा इथे नांदली. कऱ्हाडे ब्राह्मणांचं नावही या गावावरून पडलं. आणि समोरच्या आगाशिवच्या डोंगरात, जखिणवाडीच्या अंगाला, बौद्ध लेण्यांचा मोठा समूह आहे. ही सगळी माणसं याच पाण्याच्या आधाराने राहिली, हे डोक्यात असलं की होडीतून दिसणारा रिकामा काठ रिकामा वाटत नाही.

३. पाणी कुठून आलं, हे बसण्याआधी समजून घ्या.

माझ्या मते या फेरीतली खरी गंमत इथे आहे, आणि बहुतेक जण नेमकी हीच सोडून देतात.

कृष्णा आणि कोयना दोघी महाबळेश्वरच्या. क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचे उगम मानतात, त्यांत या दोन. एका घरातून निघाल्या तरी वाटा वेगळ्या. कृष्णा वाईकडे उतरते, धोमच्या धरणात थांबते, माहुलीला वेण्णेला भेटते, पुढे उरमोडी आणि तारळी पोटात घेते. म्हणजे कराडला पोचेपर्यंत निम्म्या सातारा जिल्ह्याचं पाणी तिच्यात आलेलं असतं. कोयना मात्र सह्याद्रीच्या कुशीतून, डोंगररांगेला समांतर, सरळ दक्षिणेला जाते. हेळवाकपाशी तिला वाट सापडते आणि ती पूर्वेकडे वळते. मग पाटणवरून कराडला येते. इथे दोघी समोरासमोर येऊन भिडतात आणि काटकोनात वळून एक होऊन पुढे निघतात. नद्या सहसा तिरक्या मिळतात, एक मोठी आणि एक तिच्या कुशीत शिरणारी. इथे तसं नाही. म्हणूनच या जागेला प्रीतिसंगम म्हणतात आणि म्हणूनच पाहुण्यांना इथे आणावंसं वाटतं.

पुढची गोष्ट थोडी कोरडी आहे, पण ती सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. कोयनेवर कोयनानगरला धरण आहे. त्याची साठवण सुमारे १०५ टीएमसी. महाराष्ट्राच्या विजेचं ते मोठं दुकान. पण ती वीज तयार होते सह्याद्रीच्या पलीकडे, पोफळीच्या बाजूला. जलाशयातलं पाणी डोंगराच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला नेतात, ते टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठी नदीतून चिपळूणकडे जाऊन अरबी समुद्राला मिळतं. म्हणजे कोयनेच्या खोऱ्यात पडलेल्या पावसातला मोठा वाटा कराडला येतच नाही. आपल्या होडीखाली कोयनेचं असतं ते धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून सिंचनासाठी सोडलेलं पाणी आणि धरणाखालच्या ओढ्यानाल्यांचं पाणी. दोन्ही जनित्रं चालू असली की पायथा वीजगृहातून २,१०० क्युसेक विसर्ग होतो, हा आकडा इथल्या शेतकऱ्याला पाठ असतो.

खालच्या अंगाला टेंभूजवळ कृष्णेवर बॅरेज आहे. तिथून टेंभू उपसा सिंचन योजनेचे पंप पाणी उचलून खानापूर, आटपाडी, सांगोल्याच्या कोरड्या माळावर नेतात. बॅरेजचे दरवाजे बंद असले की पाणी मागे फुगतं, ते थेट कराडच्या पात्रापर्यंत. उन्हाळ्याच्या तोंडावरही संगमावर होडी तरंगते, त्यामागे हे फुगलेलं पाणी आहे. एक सूत्र कोयनानगरच्या हातात, दुसरं टेंभूच्या. मध्ये आपण बसून फोटो काढतो.

४. सकाळची वेळ धरा.

दुपारचं ऊन पाण्यावरून दुप्पट होऊन डोळ्यांत येतं. संध्याकाळी बागेत गर्दी, भेळेच्या गाड्या, पोरांचा गोंगाट. त्यात मजा आहे, पण नदी ऐकू येत नाही. थंडीतली सकाळ सर्वांत चांगली. पाण्यावर धुकं असतं, खंड्या तारेवर बसलेला असतो आणि पाणकावळे खडकावर पंख वाळवत उभे असतात. अर्थात इतक्या सकाळी होडीवाला यायला हवा. आदल्या दिवशी सांगून ठेवावं.

५. मधोमध गेल्यावर इंजिन बंद करायला सांगा.

इंजिनाच्या आवाजात नदी पाहणं म्हणजे नुसतं अंतर कापणं. दोन्ही प्रवाह भेटतात त्या टापूत गेलं की मी होडीवाल्या मामांना म्हणते, "मामा, जरा बंद करा की." ते हसतात. एकदा म्हणाले, "बंद करतो ताई, पर हितं होडी आपआपनं फिरतीया. दोन्हीकडनं ढकलत्यात." खरोखर होडी हळूच कलते आणि तोंड फिरवते. तुम्ही काहीच केलेलं नसतं. दोन नद्या समोरासमोर आल्यावर काय होतं, हे कुठल्याही नकाशावर कळत नाही, ते इथे बुडाखाली कळतं.

त्या दोन-चार मिनिटांत कुणी बोलू नये, असा माझा आग्रह असतो. तो फारसा पाळला जात नाही. व्याह्यांनी नेमकं तेव्हाच ज्वारीचे भाव विचारले होते.

पहिल्या पावसात होडी बंद असते, तेव्हा घाटावर उभं राहून पाहावं. कधीकधी दोन्ही पाण्यांचा रंग वेगळा दिसतो, एक गढूळ आणि दुसरं त्याहून निवळ. थोडं पुढे गेलं की भेद पुसून जातो.

६. जॅकेट. यावर चर्चा नको.

"एवढ्याशा फेरीला कशाला?" हे वाक्य मी सर्वांत जास्त वेळा ऐकलं आहे, आणि बहुधा ते पट्टीच्या पोहणाऱ्याच्या तोंडून येतं. इथली जुनी मंडळी पांगाऱ्याचा बिंडा पाठीला बांधून, नाहीतर सुक्या भोपळ्याची सांगड करून नदीत पोहायला शिकली. त्यांना जॅकेट म्हणजे कमीपणा वाटतो. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. फक्त ब्रह्मनाळची आठवण करून देते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी, महापुरात, पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी उलटली. होडीत माणसं जास्त झाली होती. बायका, मुलं, म्हातारी माणसं बुडाली. ती सगळी नदीकाठचीच माणसं होती, नदी त्यांना परकी नव्हती. याच कृष्णेवरची गोष्ट आहे ही, इथून खालच्या अंगाची.

त्यामुळे माझे नियम सोपे आहेत. जॅकेट नसेल तर फेरी नाही. जॅकेट असेल पण बंद तुटलेले असतील तरी फेरी नाही. होडीत माणसं किती घ्यायची, हे होडीवाल्याने ठरवायचं, पाहुण्यांच्या घोळक्याने नाही. "अजून दोघं बसतील" असं म्हणणारा एक तरी भेटतोच, त्याला काठावर ठेवावं, तो चपला सांभाळतो. सेल्फीसाठी सगळ्यांनी एका बाजूला सरकायचं नाही. आणि पाण्यात हात-पाय सोडून बसायचं नाही. कृष्णेत मगरी आहेत. सांगलीच्या बाजूला, भिलवडी-औदुंबरच्या टापूत, त्या बऱ्याच वेळा दिसतात आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. मगर कराडच्या हद्दीची पाटी वाचून परत फिरत नाही.

७. सांगायला गोष्टी जवळ ठेवा.

इथे माहिती सांगणारा कुणी नसतो, तेव्हा ते काम आपलंच. पण आधी जी दोन हजार वर्षं पायी फिरताना सांगितली ती होडीत पुन्हा सांगू नयेत. होडीत माणसांच्या गोष्टी चालतात.

मी संत सखूची सांगते. ही कराडची सून. घाटावर पाणी भरायला आली, पंढरीला निघालेली दिंडी तिने पाहिली आणि घागर ठेवून ती वारकऱ्यांबरोबर निघाली. सासरच्यांनी तिला ओढत घरी आणलं, खांबाला बांधलं आणि मग विठ्ठल स्वतः सखूचं रूप घेऊन तिच्या जागी उभा राहिला. प्रभातने १९४१ साली यावर 'संत सखू' हा चित्रपट काढला. आचार्य अत्र्यांनी याच कथेवर नाटक लिहिलं आणि त्याचं नाव ठेवलं 'प्रीतिसंगम'. घाटाकडे बोट दाखवून ही गोष्ट सांगितली की बायका एकदम सरसावून बसतात. चमत्काराबद्दल कुणी काही विचारत नाही. "मग सासूचं काय झालं?" हे मात्र हमखास विचारतात.

दुसरी गोष्ट यशवंतराव चव्हाणांची. संगमाच्या काठावरच त्यांची समाधी आहे. देवराष्ट्र्याचा हा मुलगा कराडला शिकायला आला, १ मे १९६० रोजी महाराष्ट्राचा पहिला मुख्यमंत्री झाला, चीनच्या युद्धानंतर दिल्लीला संरक्षणमंत्री म्हणून गेला आणि शेवटी इथेच परत आला. २५ नोव्हेंबर १९८४ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. दरवर्षी त्या दिवशी सगळ्या पक्षांचे पुढारी समाधीवर येतात, इतर दिवशी एकमेकांना काहीही बोलत असले तरी. आत्मचरित्राच्या पहिल्या खंडाला त्यांनी 'कृष्णाकाठ' हे नाव दिलं. पुढचे खंड लिहायचे राहून गेले. गावातलं त्यांचं 'विरंगुळा' हे घर जमलं तर पाहावं. एवढी पदं भूषवलेल्या माणसाचं घर किती साधं असू शकतं, हे आजच्या पोरांनी पाहायला हवं.

आणि होडी वळताना खालच्या दिशेला हात करून टेंभूचं नाव घ्यावं. पंपांसाठी नव्हे. समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकर १८५६ साली त्या गावात जन्मले.

८. होडीवाल्याला बोलतं करा.

पैसे ठरवताना घासाघीस करणारा पाहुणा फेरीभर गप्प बसलेला नावाडी मिळवतो. मी आधी पैसे देते, मग पूर कसा होता ते विचारते. २००५, २०१९, २०२१ ही सालं नदीकाठच्या माणसाला लग्नाच्या सालासारखी लक्षात असतात. पाणी कुठल्या पायरीवर आलं, कुठल्या वस्तीत शिरलं, कुणाची म्हैस छपरावर चढवली, हे सगळं ते हात दाखवून सांगतात. इंजिनाच्या होड्या नव्हत्या तेव्हा गुऱ्हाळातली काहील पाण्यात सोडून माणसं पलीकडे नेत, हेही मी अशाच गप्पांत ऐकलं. गूळ रटरटणारी ती लोखंडी काहील, तिच्यात चार माणसं उकिडवी बसलेली, आणि पोहणारे गडी तिला कडेने ढकलत नेताहेत. भाचीने हे ऐकून फोन खाली ठेवला, यातच सगळं आलं.

९. निर्माल्याची पिशवी परत घरी न्या.

हे मी घरच्याच माणसांना सांगते, कारण पाहुण्यांपेक्षा आपण जास्त टाकतो. प्लास्टिकच्या पिशवीसकट फुलं, जुन्या तसबिरी, अस्थींबरोबर आलेलं गाठोडं. गावाला पिण्याचं पाणी इथूनच जातं आणि खालच्या प्रत्येक गावालाही. होडीतून हे तरंगताना दिसतं तेव्हा काय बोलावं ते सुचत नाही. घाटावर निर्माल्यासाठी कुंड असेल तर तिथे टाकावं, नसेल तर घरच्या कुंडीत.

१०. एवढ्याने भागलं नाही तर.

काही पाहुण्यांना होडीची चटक लागते. त्यांना मी खालच्या वाटेने पाठवते. औदुंबरला दत्ताचं दर्शन घेऊन होडीने पलीकडे भुवनेश्वरीला जाता येतं. तिथली होडी सहलीसाठी नाही, देवदर्शनासाठी आहे, त्यामुळे तिच्यात नारळ, हार, पिशव्या आणि शेजारच्या गावच्या आज्या असतात. मला ती कराडच्या होडीपेक्षा जास्त आवडते, हे इथल्या लोकांना सांगू नका. सांगलीत हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम, पुढे नरसोबाच्या वाडीला पंचगंगेचा. सांगलीच्या बाजूला होड्यांच्या शर्यतीही होतात, त्या दिवशी काठावर पाय ठेवायला जागा नसते. आणि ज्यांना लांबची फेरी हवी त्यांनी उलट दिशेला, बामणोली किंवा तापोळ्याला जावं. तिथल्या लाँच शिवसागर जलाशयातून वासोट्याच्या पायथ्याशी नेतात. ती पुन्हा कोयनाच, धरणाच्या वरची.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. कोयनेच्या विसर्गाची बातमी फोनवर येते, पात्रात उतरू नका असा इशारा प्रशासन देतं, आणि पाण्याची पातळी वाढली की नौकाविहार बंद राहतो. येण्याआधी ओळखीच्या कुणाला तरी फोन करून विचारा. बंद असेल तर होडीवाल्याला जास्तीचे पैसे दाखवून गळ घालू नका. घाटावर चहा घ्या, समाधीपाशी बसा, आणि दिवाळीनंतर पुन्हा या.